गाठीची उपासमार

जयराम हरडचं नाव आयुष्यात दोनदा छापून आलं, आणि दोन्ही वेळा छापणाऱ्याने ते चुकवलं. त्याने तक्रार केली नाही. मुरबाड तालुक्यात धसईच्या अलीकडे ज्या गावात तो जन्मला, तिथे छापलेलं वाचू शकणारी माणसं तेव्हा एका हाताच्या बोटांवर मावत होती, आणि त्यातली निम्मी नुसती वाचल्याचं सोंग करण्यात पटाईत होती. तिथला एक कुणब्याचा पोरगा बी.एस्सी. होतो, मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत पांढरा डगला घालून उभा राहतो, हेच लोकांना पुरेसं होतं. तो तिथे नक्की काय करतो हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. विचारणारी एकटी रंगूअक्का.

रंगू ही त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा जयराम चार वर्षांचा होता आणि रंगू चौदाची. तिचं लग्न ठरलेलं होतं, शहापूर तालुक्यात, आसनगावापासून कोसभरावर. तिने लग्नाआधीच निरोप धाडला, पोराला बरोबर आणीन, नाय तं मी येणार नाय. सासरच्यांनी बरीच कुरकुर केली. गाय घेतली तर वासरू फुकट मिळालं, असं सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि ते कौतुकाने नव्हे. रंगूने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. नवरा महादू भला माणूस होता, त्याने कधी शब्द काढला नाही. जयराम शहापूरच्या शाळेत जाऊ लागला, आणि परत आला की अक्काचा एकच प्रश्न असे, "आज काय शिकलास?" तिला अक्षर येत नव्हतं. पण समजेपर्यंत ती त्याला उठू द्यायची नाही. पुढे तो कल्याणला शिकला, मुंबईला शिकला, नोकरीला लागला, बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि त्याने पुन्हा संसार मांडला नाही. एवढं सगळं झालं तरी सुट्टीला घरी आला की चुलीपुढे बसून त्याला हा हिशोब द्यावाच लागे.

प्रयोगशाळा एका दानशूर घराण्याने काढलेली होती. तिचे मुख्य एक पारशी डॉक्टर होते, जर्मनीत शिकून आलेले. त्यांना सगळे थोरले साहेब म्हणत. पस्तीस साली त्यांनी जर्मनीहून एक यंत्र मागवलं आणि ते चालवायला जयरामला बसवलं. यंत्र म्हणजे कोमट पाण्याची टाकी आणि तिच्यात डुलणाऱ्या काचेच्या कुप्या. कुपीत मीठसाखरेचं पाणी घालायचं, त्यात उंदराच्या कॅन्सरच्या गाठीचा, तांदळाच्या पापडीसारखा पातळ काप सोडायचा, आणि कुपीला जोडलेल्या नळीतलं रंगीत पाणी दर दहा मिनिटांनी किती सरकलं ते वहीत लिहायचं. तो काप हवा किती घेतो आणि आंबट किती सोडतो, ते त्यावरून कळतं. कंटाळवाणं काम होतं. जयरामने ते आठ वर्षं केलं, आणि एकदाही आकडा डोळ्यांनी पाहिल्याखेरीज लिहिला नाही. त्याला कसला तोरा असेल तर याचाच होता.

एकदा, लढाई सुरू झाली त्या वर्षी, त्याने अक्काला हे सगळं समजावून सांगितलं.

"चांगल्या मांसाला हवा मिळाली की ते साखर बेतानं खातं. गाठीचं तसं नाय. हवा असो नसो, ती साखर खातच सुटते, अन् खाऊन तिचं आंबट करून टाकते."

"म्हंजे खादाड हाय," अक्का म्हणाली.

"हा. खादाडच."

"मंग तिला उपाशी ठेवा. कणगीतलं भात काढून घेतलं का घूस जाते निघून दुसरीकडं."

ती हसत म्हणाली, आणि उठून भाकरी थापायला लागली. जयराम मात्र हसला नाही. ते वाक्य त्याने गाडीत बसून पुन्हा पुन्हा घोळवलं आणि सोमवारी थोरल्या साहेबांपुढे ठेवलं. बहिणीचं नाव सांगितलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

प्रयोग झाला. चाळीस उंदरांच्या कातडीखाली गाठीचा एकेक तुकडा रोवला. वीस उंदरांना पोटभर खायला घातलं, विसांना निम्मं. एकविसाव्या दिवशी सगळे मारून गाठी काढल्या आणि तोलल्या. अर्धपोटी उंदरांच्या गाठी निम्म्याहून हलक्या भरल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एक्केचाळीस साली दोन पानांचा निबंध छापून आला आणि त्याखाली थोरल्या साहेबांच्या नावामागे त्याचं ते चुकलेलं नाव. त्या दोन पानांची एक प्रत त्याने अक्काला नेऊन दिली. तिने ती देवाच्या फळीवर ठेवली.

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. ती इथेच थांबली असती तर बरं झालं असतं, पण तसं कुणाच्या नशिबात नसतं.

त्रेचाळीसच्या संक्रांतीला जयराम घरी आला. महादू जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात अक्का, तिची लेक हिरी आणि घरीच राहून शेती बघणारा जावई रामू. अक्का त्याच्याशी बोलताना पदर तोंडाशी धरून होती. तिळगूळ हातात घेतला तो तिने खाल्ला नाही. जयरामने पदर बाजूला केला तेव्हा वास आला. हा वास त्याला ओळखीचा होता. ऑपरेशनात काढलेली गाठ प्रयोगशाळेत यायची तेव्हा तिला असाच यायचा. डाव्या गालाच्या आतून, दाढेपाशी, फुलकोबीसारखं खरबरीत काहीतरी वाढलं होतं आणि जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागत होती.

"कवापासून?"

"गणपतीपासून असंल. दाढ दुखते म्हणून मिशरी वाढवली, तं बरं वाटायचं."

"अन् मला सांगितलं नाय?"

"तुला सुट्टी कुठं असते," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आसनगावला गाडी धरून त्याने तिला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर त्याच्या ओळखीचे होते, म्हणून खरं ते लगेच बोलले. गळ्यातल्या गाठी खोलवर गेल्यात, कापून उपयोग नाही, किरणं देऊन नुसती जळेल. चार महिने, फार तर सहा. घरी न्या आणि खाऊ द्या हवं ते. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं तेव्हा जयराम म्हणाला की आमच्याकडे सगळ्याच बायका मिशरी लावतात. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. जयरामने त्याचा पुढे विचार केला नाही. कारण त्याचा विचार तेव्हा दुसरीकडे पोचला होता.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर अक्का बसली होती, पायाशी गाठोडं घेऊन. त्याच्या खिशात दोन पानांचा निबंध नव्हता, पण शब्दन् शब्द पाठ होता. ज्या माणसापाशी काही उपाय नसतो तो देवाला शरण जातो. याच्यापाशी चाळीस उंदीर होते. तो उंदरांना शरण गेला.

"अक्का, आपण ह्या गाठीला उपाशी ठेवू," तो म्हणाला. "भात बंद. भाकरी, आंबील, गूळ, सगळं बंद. अंडं खायचं, सुकटीचं पाणी, पालेभाजीचं पाणी. तेही बेतानं."

भातावर वाढलेल्या बाईला भात बंद कर म्हणणं म्हणजे काय, हे मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे माणूस जेवला का हे विचारतानाच भात खाल्लास का असं विचारतात. अक्काने पायाशीचं गाठोडं जवळ ओढलं.

"किती दिस?"

"मी सांगीन तोवर."

हे 'मी सांगीन तोवर' तिला रुचलं नाही. सोडायचं तर त्याला हद्द लागते. आमच्या बायका एखादी गोष्ट सोडतात ती कशासाठी तरी सोडतात: लेकाला नोकरी लागेतोवर चहा सोडला, सुनेला मूल होईतोवर वांगं सोडलं. देवीपुढे नारळ ठेवून, चारचौघींच्या देखत बोलायचं, आणि मागितलं ते मिळालं की तोच पदार्थ पहिल्यांदा देवीला दाखवून मग तोंडात घालायचा. अक्का घरी पोचली ती आधी गावदेवीला गेली. तिथे नारळ ठेवून ती बोलली, "माझ्या जयरामाच्या हाती या दुखण्याचं औषध येईतोवर मी भाताला शिवणार नाय."

आठवड्याने जयराम आला तेव्हा हिरीने त्याला हे सांगितलं. आता, शिकल्यासवरल्या माणसाने तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं की अक्का, असलं काही बोलू नकोस, हे चारसहा आठवड्यांचं पथ्य आहे, जमलं नाही तर सोडून देऊ. तो तसं म्हणाला नाही. त्याला बरं वाटलं. रोगी पथ्य मोडणार नाही याची यापेक्षा मोठी हमी कोणती? त्याने वहीत नवं पान काढलं, वर तारीख घातली, आणि खाली लिहिलं: पथ्य पूर्ण पाळलं जाईल.

दर रविवारी तो यायचा. सुताचा धागा गळ्यातल्या गाठीभोवती धरून मापायचा. शहापूरला भाताच्या गिरणीत मोठा काटा होता, त्यावर अक्काला बैलगाडीने नेऊन तोलायचा. फेब्रुवारीभर गाठ जागची हलली नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी तर धागा गव्हाच्या दाण्याएवढा आखूड भरला. त्या दिवशी जयराम गिरणीच्या ओट्यावर बसून रडला. अक्का सहा शेर उतरली होती, ते त्याने दुसऱ्या रकान्यात लिहिलं. तिचे हात काटकुळे झाले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि ती दिवसातून बराच वेळ भिंतीला टेकून डोळे मिटून असायची. पण त्याचं लक्ष धाग्यावर होतं.

हिरीचं लक्ष आईवर होतं. एकदा तिने सुकटीच्या पाण्यात दोन पळ्या भाताची पेज मिसळली. आईने घोट घेतला, तोंडात धरला आणि थुंकला. मग दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही, प्रायश्चित्त म्हणून. हिरीने पुन्हा तसं केलं नाही. पण पुढच्या रविवारी मामा आला तेव्हा ती त्याच्याशी बोलली नाही.

एप्रिलात गाठ पुन्हा वाढायला लागली. जयरामने पथ्य आणखी कडक केलं. दिवसाला एक अंडं होतं, ते एक दिवसाआड केलं.

मे महिन्यात प्रयोगशाळेत ईथर संपलं. लढाईमुळे माल बंदरात अडकून पडला होता. ईथरशिवाय उंदीर मारायचे नाहीत असा थोरल्या साहेबांचा दंडक होता, त्यामुळे नव्या प्रयोगातले बारा उंदीर एकविसाव्या दिवशी मारायचे राहून गेले. सहा पोटभर खाणारे, सहा अर्धपोटी. ते तसेच पिंजऱ्यात राहिले, आणि जयराम रोज सकाळी त्यांना बघत राहिला.

चोविसाव्या दिवशी एक अर्धपोटी मेला. सव्विसाव्या दिवशी दोन. तिसाव्या दिवसापर्यंत अर्धपोटी सहाही संपले. पोटभर खाणारे गाठी घेऊन पिंजऱ्यात फिरत होते; त्यांतला शेवटचा पुढे एक्केचाळिसाव्या दिवसापर्यंत जगला.

जयरामने पहिल्या मेलेल्यांतला एक फाडून पाहिला होता. मांड्यांवर मांस असं राहिलंच नव्हतं, नुसती दोरीसारखी शीर. चरबीचा ठिपका कुठे नाही. आणि त्या सगळ्या ओसाडीत गाठ मात्र गुलाबी, रसरशीत. त्याने बाकीच्यांचं थेंबथेंब रक्त घेऊन त्यातली साखर काढली. उपाशी उंदराच्या रक्तात साखर जवळजवळ तेवढीच होती जेवढी धालेल्या उंदराच्या. बाहेरून मिळेना म्हणून शरीराने आपलंच मांस विरघळवून तिची भरपाई केली होती. गाठीला काहीच कमी पडलं नव्हतं. घूस दुसरीकडे गेली नव्हती, तिने भिंती खायला घेतल्या होत्या.

तो यंत्रापुढच्या स्टुलावर बसून राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याने चाळीस गाठी तोलल्या होत्या आणि गाठ लहान म्हणजे उंदीर बरा असं धरून चालला होता. पण एकविसाव्या दिवशी सगळेच मारल्यावर कोण किती जगला असता हे कळणार कसं? त्याने ते कधी विचारलंच नव्हतं. त्याच्या वहीत जगण्याला रकाना नव्हता.

त्याच दुपारच्या गाडीने तो आसनगावला उतरला. घरी पोचताच डगला न काढता अक्कापुढे बसला.

"अक्का, भात खा. आजपासून. मी चुकलो."

अक्काचं बोलणं आता कष्टाचं झालं होतं, एका बाजूने शब्द निसटत. "औषध आलं हाती?"

"नाय. औषध नाय. पण हे पथ्य चुकीचं होतं. उपाशी राहून तुझंच मांस जातंय. गाठीला काय झालं नाय."

"मंग कसा खाऊ?" ती म्हणाली. "देवीला शबूद दिलाय."

तो विनवत राहिला. त्याने उंदरांचं सांगितलं, रक्तातल्या साखरेचं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, लहानपणी ऐकायची तशी, आणि शेवटी मान हलवून नाही म्हणत होती. तिला जगायचं नव्हतं असं नाही. मागितलेलं मिळायच्या आधी सोडलेलं तोंडात घातलं तर देवी ज्याच्यासाठी मागितलं त्याच्यावर उलटते. तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. जयरामच्या हातांसाठी मागितलं होतं. ते हात ती धोक्यात घालणार नव्हती.

चुलीपाशी बसलेली हिरी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "मामा, तुमीच सांगितलंत. आता तुमीच सोडवा."

जयराम गावदेवीच्या भगताकडे गेला. वीस वर्षांत त्याने त्या देवळाची पायरी चढली नव्हती. भगत धाऊबाबा दोरी वळत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाईनं आपल्यासाठी मागितलं असतं, तं मी सोडवलं असतं रं. कोंबडं घेऊन मोकळी केली असती. तिनं दुसऱ्यासाठी मागितलंय. ते मिळाल्याबिगर नाय सुटत." मग पुन्हा दोरी वळायला लागत म्हणाला, "नाय तं ती गेल्यावर सुटंल."

पुढच्या रविवारी जयरामने पिशवीतून एक बाटली काढली. तिच्यात प्रयोगशाळेतलंच साखरेचं पाणी होतं, जे आठ वर्षं त्याने गाठींना पाजलं होतं. बाटलीवर त्याने एक चिठ्ठी चिकटवली होती आणि चिठ्ठीवर काहीबाही आकडे लिहिले होते. एकही आकडा न पाहता न लिहिणारा माणूस. ते आकडे त्याने सहज लिहिले, याचीच त्याला पुढे लाज वाटत राहिली.

"अक्का, आलं," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. "औषध?"

"हा. औषध."

"माझ्या गळ्याची शपथ घे."

त्याने त्या गाठीवर हात ठेवून शपथ घेतली.

अक्काने आधी हिरीला देवीला भात दाखवून यायला लावलं. ती परत येईपर्यंत ती बसून राहिली, भिंतीला न टेकता. मग हिरीने वाटीत मऊ गुरगुट्या भात आणला, पाण्यासारखा पातळ केलेला. साडेचार महिन्यांनी तिने तो तोंडात घेतला. दोन पळ्या गिळल्या, तिसरी गिळवली नाही. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की रामू उठून परसात गेला.

"मला उशीर झाला," ती जयरामला म्हणाली. "माझं जाऊ दे. बाकीच्यांना दे. शेजारच्या धोंडूबाईच्या भावजयीला हाय असंच. अन् आपल्या मुरबाडकडं लय जणींना हाय रे."

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. जी कोणी बघायला आली तिला तिने तेच सांगितलं, शब्द फुटेनासे झाले तेव्हा खुणेने सांगितलं: माझ्या भावाच्या हाती औषध आलंय. जयराम शेजारी बसलेला असायचा. तो एकदाही नाही म्हणाला नाही. म्हणणार कसा?

ज्येष्ठाच्या वद्य सप्तमीला, सकाळी, हिरी तिचं तोंड पुसत असताना अक्का गेली.

पुढे सेहेचाळीस साली जयरामने दुसरा निबंध लिहिला. त्यात उंदीर किती दिवस जगले याचा रकाना होता, आणि अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांची गाठ लहान राहते पण ते लवकर मरतात हे सरळ लिहिलेलं होतं. थोरल्या साहेबांना ते आवडलं नाही, कारण पहिला निबंध त्याने पडत होता. जयराम अडून बसला, आणि छापलं गेलं. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. एवढंच त्याचं शास्त्रातलं कर्तृत्व. पण ते पुढचं झालं. तेराव्या दिवसाचं सांगायचं राहिलंय.

तेराव्याची पानं वाढत होते. पाऊस धरून होता. अंगणाच्या कडेला, पडवीच्या वळचणीखाली, तीन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोघी शेतकऱ्यांच्या घरच्या: एक धोंडूबाईची भावजय, दुसरी शेणवे गावची कोणी. तिघींचे पदर तोंडाशी. जयरामला पदर बाजूला करून बघायची गरज पडली नाही.

त्याने त्यांना पडवीत घेतलं आणि खरं सांगितलं. औषध नाही. कधीच नव्हतं. बहिणीने जेवावं म्हणून मी खोटं बोललो. बोलताना तो त्यांच्याकडे बघत होता, एवढं धैर्य त्याने आणलं. शेणव्याच्या बाईने ऐकून घेतलं आणि इरलं डोक्यावर घेऊन निघाली. धोंडूबाईची भावजय म्हणाली, "बहिणीच्या गळ्याची शपथ घेतली व्हतीत म्हणे." आणि तीही गेली.

तिसरी राहिली. ती सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीवरची ठाकरीण होती, सावळी नावाची. नवरा जैतू बरोबर होता. दोघं दोन दिवस चालत आली होती, मधली रात्र मुरबाडला कुणाच्या गोठ्यात काढून. तिचा गाल बाहेरून फुटायला आला होता.

"औषध नाय तं नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जयरामला ते जास्तच लागलं. "पण तुज्या भयनीनं भात सोडला व्हता. भातानं ही वाढते म्हंतात. खरं का?"

"खरं नाय," जयराम म्हणाला. "मीच तसं सांगितलं होतं. चुकलं माझं. तू भात खा. मिळेल ते पोटभर खा. काही सोडू नको."

सावळीने नवऱ्याकडे पाहिलं. दोघांना काहीतरी नवल वाटलेलं दिसलं.

"भात कुठला, दादा?" ती म्हणाली. "आमच्यात भात लग्नाला, नाय तं दिवाळीला. बाकीचं वरी, नाचणी, पावसात कंद. तेबी पुरत नाय." तिने गालावर हात ठेवला. "मंग माज्या तोंडात ही काय खाऊन वाढली?"

जयरामने आठ वर्षं कुप्या हलवल्या होत्या, शेकडो पानं आकडे लिहिले होते, आणि हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, त्याने स्वतःलाही नाही. थोरल्या साहेबांनी विचारला असता तर तो उद्या सांगतो म्हणाला असता. ही बाई उत्तरासाठी दोन दिवस चालून आली होती.

"मला नाय माहीत," तो म्हणाला.

सावळीने मान हलवली, जणू तिला एवढंच हवं होतं. हिरी आतून आली. तिने मामाकडे पाहिलं नाही. दोन पानं मांडली, त्यांवर अक्काच्या नावाचा भात वाढला, सावळीच्या भातात ताक ओतून तो हाताने कालवून मऊ केला आणि म्हणाली, "बस गो. हळूहळू खा."

सावळी खायला बसली. उजव्या बाजूने एकेक शीत आत घेत होती, थांबत होती, पुन्हा घेत होती. जैतूने आपल्या पानावरचा भात वाटेसाठी पळसाच्या पानात बांधून घेतला. तिचं जेवण व्हायला बराच वेळ लागला, आणि तोवर जयराम तिच्यासमोर बसून राहिला.